वहिनींनी कोरसला ड्युटी लावली

वहिनींच्या घरात वस्तू हरवत नाही. हरवायची तिची हिंमतच होत नाही. कात्रीला खिळा आहे, खिळ्याला जागा आहे, आणि त्या जागेवर दुसरं काही टांगलेलं दिसलं तर टांगणाऱ्याची धडगत नाही. लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्या किल्ल्यांना रंगीत दोरे बांधले. सासरे म्हणाले, "सूनबाई, मलाही एक दोरा बांध, म्हणजे मीही वेळेवर सापडत जाईन." सूनबाईंनी विनोद मानला नाही. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता, आणि पुढे मरेपर्यंत त्यांनी चष्मा शोधला नाही.

नोकरीही त्यांना जन्मपत्रिका बघून दिल्यासारखी मिळाली होती. बस डेपोत त्या ड्युट्या लावत. कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, कुठला कंडक्टर, कुठली पाळी, कुणाची रजा, कुणाची बदली, सगळा भला मोठा तक्ता त्यांच्या हातचा. डेपोतली मंडळी त्यांना पाठीमागे 'हवामान खातं' म्हणत, कारण उद्याचा दिवस कसा जाणार हे त्यांच्याकडूनच कळायचं. फरक एवढाच, की यांचा अंदाज चुकत नसे. खुद्द नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर होता. त्याला बायकोकडून सवलत मिळाली ती इतकीच, की पहाटेची ड्युटी लागल्याचं त्याला इतरांच्या आधी, जेवताना कळे.

अशा घरात धाकटा दीर निघाला संगीतकार. म्हणजे ज्याच्या खोलीत पायमोजा गिटारच्या पोटात सापडतो अशातला. घराच्या मागच्या खोलीत त्याने भिंतींना जुन्या गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता. एक संगणक, एक माइक, दोन स्पीकर आणि वायरींचं असं भेंडोळं, की त्यात मांजर शिरलं तर व्यायलाच बाहेर यावं. दुकानांच्या जाहिरातींना, लहान मुलांच्या नाटकांना तो संगीत द्यायचा, आणि चांगलं द्यायचा. चाल सुचायला त्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नसे. पण ती चाल संगणकात कुठे ठेवली हे आठवायला अख्खी दुपार जायची.

त्या वर्षी जुना डेपो बंद होऊन शहराबाहेर नव्या जागी जाणार होता. निरोपाच्या दिवशी जुन्या वर्कशॉपच्या शेडमध्ये एक गाणं वाजवायचं ठरलं. गाणं डेपोचं, गाणारी माणसं डेपोचीच: ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, गाड्या धुणाऱ्या बायका, गेटवरचा वॉचमन. चाल धाकट्याची. अडचण एकच होती. ही सगळी माणसं एका वेळी एका जागी येणं शक्य नव्हतं, आणि ते शक्य होऊ नये याची व्यवस्था स्वतः वहिनींनीच तक्त्यात केलेली होती. मग जो सुटेल तो यायचा, गाद्यांच्या खोलीत उभा राहायचा, कानाला हेडफोन लावून आपापलं गाऊन जायचा. प्रत्येकाचा आवाज संगणकात वेगळ्या पट्टीवर. त्या पट्टीला ट्रॅक म्हणतात. बघता बघता पडदाभर ट्रॅक झाले, आणि पडद्याखाली आणखी तितकेच.

निरोपाच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी कॉफी घेऊन खोलीत आल्या आणि पडद्यासमोर थबकल्या.

"भाऊजी, हे काय आहे?"

"गाणं आहे."

"मला वाटलं दंगल आहे. ही नावं काय? 'ऑडिओ', 'ऑडिओ कॉपी', 'नवीन', 'नवीन खरं', 'हेच घ्या', 'हे नको'. आणि हे 'हे नको' वाजतंय का?"

"ते... हो. तेच चांगलं आलं होतं."

वहिनींनी कॉफी ठेवली. कॉफी ठेवण्याचा तो आवाज धाकट्याच्या ओळखीचा होता. डेपोत एखादा ड्रायव्हर पोटदुखीचं सांगायला आला, की वहिनी पेन असंच ठेवत.

"उठा."

"वहिनी, हे सॉफ्टवेअर नाजूक असतं. तुमच्या तक्त्यासारखं नाही ते."

"माझ्या तक्त्यात एक चूक झाली तर माणसं पावसात उभी राहतात. तुमच्या गाण्यात कोण भिजणार आहे? उठा म्हटलं ना."

तो उठला, आणि पुढचा तास त्याने स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारखा स्टुलावर बसून काढला. वहिनींना संगीतातलं सा की रे कळत नव्हतं. पण शंभर गाड्या एकाच दारातून बाहेर कशा काढायच्या हे त्यांना कळत होतं, आणि पडद्यावर त्यांना तेवढंच दिसत होतं. आधी त्यांनी प्रत्येक ट्रॅक ऐकून त्याला माणसाचं नाव दिलं. "हा वॉचमन. नाकात गातो." "ही धुलाईवाली मावशी. काय गोड गळा आहे हो, आणि आम्ही तिच्या हातात पाइप दिलाय." मग रंग दिले: ड्रायव्हर निळे, कंडक्टर खाकी, मेकॅनिक काळपट, बायका हिरव्या, वाद्यं पिवळी. एका रंगाचे सगळे एका फोल्डरमध्ये घालून दार लावलं. ढीगभर ट्रॅकांच्या जागी पडद्यावर मोजकी रंगीत खोकी उरली. धाकट्याला आपला पडदा एवढा मोठा आहे हे प्रथमच समजलं.

"आणि दर वेळी तो उंदीर फिरवत बसायचं कशाला? बटणं नाहीत का याला?"

"असतात. पण शॉर्टकट आपले आपण लावावे लागतात. माझे राहूनच गेले."

"किती वर्षं राहिले?"

वहिनींनी मोबाइलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ दुप्पट वेगाने लावला, आणि "एवढं का लांबण लावतोय हा मेला" म्हणत म्हणत सगळी बटणं नेमली. हे दाबलं की फोल्डर उघडा, हे दाबलं की फक्त हाच आवाज ऐका, हे दाबलं की लपवलेलं सगळं पुढे आणा, आणि त्याच्या शेजारचं दाबलं की बंद केलेले सगळे आवाज चालू. शेवटी ही सगळी मांडणी कोरा साचा म्हणून जपून ठेवली, म्हणजे पुढचं गाणं जन्मतःच शिस्तीत असेल. धाकटा थक्क होऊन बघत होता. हाताखालच्या माणसांना शिस्त लावणारे त्याने पाहिले होते. आवाजांना रांगेत उभं करणारं माणूस तो पहिल्यांदाच पाहत होता.

"आणि यादीत हे काय लपलंय? 'पंखा' असं लिहिलंय."

धाकट्याने कॉफीचा कप घाईने खाली ठेवला. "तो पंख्याचा आवाज आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी येतो ना, त्याचा नमुना. लपवूनच ठेवलाय. त्याला हात लावू नका."

"बरं," म्हणून वहिनींनी पंख्याला करडा रंग दिला, 'यंत्रं' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये घातलं आणि कौतुकाने गाणं सुरू केलं. लपलेलं कुणी राहिलं नाही ना, म्हणून ते बटण दाबलं. कुणी बंद राहिलं नाही ना, म्हणून शेजारचंही दाबलं.

पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्या कडव्यात मात्र गाण्याच्या तळातून एक आवाज उठला. चढावर अडकलेल्या गाडीने पहिल्या गिअरमध्ये विव्हळावं तसा. सगळा डेपो एका सुरात आणि तो आवाज आपल्या स्वतंत्र वाटेने.

"हे काय आलं मध्येच?" वहिनी दचकल्या.

धाकट्याला काय आलं ते पक्कं माहीत होतं. तो पंखा नव्हता. तो दादा होता.

दादा इस्त्रीचा युनिफॉर्म घालून गायला आला होता. गाण्यासाठी युनिफॉर्म कशाला, असं विचारल्यावर "डेपोचं गाणं आहे, लुंगीवर म्हणू?" असं म्हणाला होता. डोळे मिटून, हात मागे बांधून, त्याने जीव ओतून गायलं, आणि सूर सोडून सगळं बरोबर म्हटलं. त्यानंतर त्याने डेपोत एकूण एक माणसाला सांगून ठेवलं होतं, "दुसरं कडवं नीट ऐका. त्यात मी आहे." धाकट्याने रात्रीतून तो आवाज बंद केला, लपवला आणि वर पंख्याचं नाव दिलं. एवढ्या आवाजांत एक कमी झाला तर कोणाला कळणार, असा त्याचा हिशोब. पण ज्या दादाने स्वतःच्या ओव्हरटाइमवर त्याला पहिला माइक घेऊन दिला, त्यालाच आपण वगळलं, हे काही केल्या त्याच्या मनातून जात नव्हतं.

"सॉफ्टवेअर बिघडलं असेल, वहिनी. बंद करून चालू करू."

वहिनींनी बंद करून चालू केलं. आवाज तसाच. स्पीकरची वायर बदलली. तसाच. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज बंद केला. फ्रिज गप्प झाला, आवाज तसाच.

"मग बिघाड आतच आहे. गाडीत खडखड झाली की आमचा हेडमेकॅनिक काय करतो? अर्धी गाडी सोडून देतो, अर्धी बघतो. निम्मे ट्रॅक बंद करा."

"कशाला एवढी मेहनत? मी सावकाश बघतो ना."

"तुम्ही सावकाश बघता म्हणूनच मी बसलेय."

ड्रायव्हर, कंडक्टर बंद. आवाज चालूच. म्हणजे दोष उरलेल्यांत. मेकॅनिक बंद. चालूच. धाकट्याने लाइट गेल्याचं नाटक करता येईल का हे मनात तपासलं. हिरव्या बायका बंद. चालूच. उरली वाद्यं आणि यंत्रं. पिवळं खोकं बंद झालं, तेव्हा तो खिडकीबाहेर असा काही पाहू लागला, जणू बाहेर बर्फ पडतंय. मग वहिनींनी नवं बटण दाबलं, आणि खोलीत एकटा पंखा घुमला.

वहिनींनी कडवं संपेपर्यंत ऐकलं.

"भाऊजी, तुमचा पंखा दुसरं कडवं म्हणतोय."

धाकटा खिडकीबाहेरचं बर्फ बघत राहिला.

"आणि अगदी माझ्या नवऱ्यासारखं म्हणतोय."

"वहिनी, ऐका तरी. सगळं गाणं बिघडत होतं. तुम्हीच दचकलात ना आत्ता!"

"दचकले. मला कान आहेत. यांचं गाणं मी लग्नापासून न्हाणीघराच्या दाराआडून ऐकतेय, मला तुम्ही काय सांगता?" आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "यांना सांगितलंत का, की तुम्हाला काढलंय?"

"नाही."

"माझ्या तक्त्यातून कुणाचं नाव रजेच्या अर्जाशिवाय निघत नाही. यांनी रजा मागितली होती?"

"नाही हो."

"मग उद्या ते ड्युटीवर आहेत. कुठे उभं करायचं ते तुम्ही बघा. संगीतकार तुम्ही आहात."

धाकट्याने आधी सूर सरळ करणारी जादू लावून बघितली. दादाचा आवाज सुरात आला, पण माणूस गेला. पत्र्याच्या टाकीतून रोबो रडतोय असं वाटू लागलं. "हे माझे हे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "हा कोण परका घरात घेताय?" मग त्याने आवाज नुसता बारीक केला. बारीक होऊनही तो बेसूरच होता, जसा लांबून दिसणारा उंटही उंटच असतो.

वहिनी डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकत होत्या. "एक सांगू? बाकीचे सगळे शब्द गिळतायत. एवढी माणसं एकदम गातायत, की काय म्हणतायत ते कळत नाही. यांचा मात्र शब्द न् शब्द कळतोय. सूर वाईट आहे, पण बोलणं बघा कसं टकटकीत आहे."

धाकट्याने मान वर केली. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दादाचा सूर असतो आवाजाच्या जाड भागात, आणि अक्षरांची धार असते वरच्या बारीक भागात. त्याने जाड भाग जवळजवळ सगळा कापला, फक्त धार ठेवली, आणि ती कोरसच्या मागे, त्या सगळ्या कडव्यावर पसरून लावली. मग सगळी खोकी उघडली.

गाणं पुसलेल्या काचेसारखं लख्ख झालं. प्रत्येक शब्द कळू लागला. आता सगळा डेपो दादाच्या तोंडाने बोलत होता आणि आपापल्या गळ्याने गात होता.

"वहिनी," धाकटा हळूच म्हणाला, "हे गाणं दादाशिवाय अपुरं होतं."

"ते मला माहीत आहे. तुम्हाला माहीत व्हावं म्हणून तासभर बसले. आणि दुसऱ्या कडव्यात ते मध्येच धापकन श्वास घेतात, तो कापाल तर याद राखा."

पंख्याचं नाव खोडून तिथे 'दादा' लिहिलं गेलं, रंग निळा. बाकी त्या खोलीत काय झालं, हे दोघांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये स्पीकर लागले. प्रत्येक माणूस मान वाकडी करून फक्त स्वतःला शोधत होता, त्यामुळे सगळा डेपो एकाच बाजूला कलल्यासारखा दिसत होता. धाकटा खांबाआड उभा राहून एकट्या दादाकडे बघत होता. पहिलं कडवं गेलं. दादाचा चेहरा हलला नाही. दुसरं आलं. एका शब्दाच्या ऐन मध्यावर कुणीतरी धापकन श्वास घेतला.

"तो मी!" दादा ओरडला. "ऐकलंत? तो श्वास माझा! तिथे श्वास घ्यायची हिंमत दुसऱ्या कुणाची नाही!"

कंडक्टरांनी टाळ्या पिटल्या. दादाने खांबाआडचा भाऊ हुडकून काढला आणि पाठीत असा धपका घातला, की त्याचाही श्वास चुकीच्या जागी पडला. मग जरा जवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "फक्कड झालंय रे. मी तेवढा किंचित मागे वाटतोय, नाही?"

धाकट्याचं तोंड उघडण्याआधी वहिनींनी उत्तर दिलं.

"अहो, जन्मभर सगळ्यांच्या पुढे बसून गाडी हाकलीत. एक दिवस मागे बसून प्रवास करा की!"

दादाने क्षणभर विचार केला. पटलं त्याला. तो शेडच्या मागच्या टोकाला जाऊन आडव्या टाकलेल्या टायरवर ऐटीत बसला, पायावर पाय टाकला आणि हाताने खूण केली, की गाणं पुन्हा पहिल्यापासून लावा.