चाकांवरची करवत

या सुताराला सगळे गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, आणि हा माणूस कोणाकडेही गेला की बसायच्या आधी दाराची चौकट न्याहाळून नाक मुरडायचा. प्लायवुडला तो पुठ्ठा म्हणे.

त्याच गुण्यावर सत्तरीत प्लायवुडचं टेबल बांधायची वेळ आली, तेही चाकांवर! गोल करवतीचं मशीन इतकी वर्षं गॅरेजच्या मधोमध ठाण मांडून होतं. आता मुलाने गाडी घेतली.

"बाबा, गाडी आली की मशीन कोपऱ्यात, गाडी गेली की मध्ये. रविवारपर्यंत असं करता आलं तर राहू दे, नाहीतर देऊन टाकू," मुलगा म्हणाला. मग चाचरत पुढे म्हणाला, "तुमच्या हाताची आता भीती वाटते."

हाताची भीती! ज्या हाताने याचा पाळणा केला, त्या हाताची! गुण्याचं डोकंच फिरलं. करवत म्हणजे काय भाजीची गाडी, ढकलत न्यायला? चाकांचे स्क्रू पिळताना त्याला अक्षरशः शिसारी येत होती. पण करवत गेली तर दिवसभर करायचं काय, भिंती बघत बसायचं? म्हणून दातओठ खात चार दिवसांत त्याने टेबल उभं करून त्यावर मशीन बसवलं.

कोपऱ्यातली एक फरशी दोन सूत, म्हणजे पाव इंच खचलेली होती. गुण्याने त्या बाजूचा पाय तेवढाच लांब ठेवला. जागा बघून पाय कापायचे, हे त्याच्या हातात मुरलेलं. कोपऱ्यात टेबल जराही डुगडुगेना.

रविवारी सूनबाईंनी ते एका हाताने सहज मधोमध आणलं. गुण्याने चाकांचे ब्रेक लावले, फळी ठेवली, आणि टेबल डुगडुगलं. इथली फरशी सपाट होती ना! फिरत्या टेबलाचा पाय त्याने एकाच जागेसाठी कापला होता. असलं काम दुसऱ्याने केलं असतं तर तो तिथेच थुंकला असता. त्याला स्वतःचीच किळस आली.

"दोन मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. "एक पाय पाव इंच कापला की झालं."

मुलगा टेबलाकडे नाही, बापाच्या बोटांकडे बघत होता. "बाबा, असं तुमच्या हातून पूर्वी कधीच झालं नसतं."

"शंभरदा झालंय," गुण्या ओरडला. "तुला कधी दिसू दिलं नाही, एवढंच. चुकीचं कापलेलं लाकूड तू शाळेतून यायच्या आत जाळून टाकायचो मी!"

मुलाने हळूच, समजुतीने मान डोलावली. लहान मुलाच्या थापेला डोलवावी तशी. आणि मशीनचा प्लग काढून तो वायर गुंडाळायला लागला.