डाव्या गालावरची हळद

आमच्या अंजूरला खाडीकाठच्या दर दुसऱ्या झाडावर कोणी ना कोणी बसलेलं असतं म्हणे. मी कधी कुणाला ओळख दाखवली नाही, त्यांनीही मला नाही. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं, तर खुशाल हसा...

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागे कापड रंगवायच्या एका डाइंगमध्ये मी कामाला होतो. एकदा कॉस्टिक सोडा पाण्यात कालवताना उसळला आणि माझा उजवा पंजा भाजला. हात नळाखाली धरायचा सोडून सोबतच्या कारागिराने त्यावर हळद थापली – "हल्दी लगा, जलन उतर जाएगी!" हळद बघता बघता लालभडक झाली. रक्तच आलं समजून मी किंचाळलो. कॉस्टिकने हळद लाल होते, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

जखम भरली, पण पंजा चुरगळलेल्या कागदासारखा झाला. काम सोडलं. हात कायम खिशात. जेवताना, कुणाला नमस्कार करतानासुद्धा लाज वाटायची.

चार वर्षांनी भाचीची, सुनंदाची हळद होती. मी मांडवाच्या खांबाआड उभा. ताई सगळ्यांदेखत ओरडली, "मामाच मागं? ये रे, दोन्ही हातांनी लाव. मान हाय तुझा!"

सगळे माझ्याकडेच बघत होते. बादलीत दोन्ही हात धुतले, एकाच वाटीतली हळद घेतली आणि सुनंदाच्या गालांना लावली.

माझ्या डाव्या हाताची हळद पिवळी. उजव्या हाताची, तिच्या डाव्या गालावरची... लालभडक!

"पाणी आणा! पोरीचं तोंड भाजेल!" मी ओरडलो.

पण म्हातारी चुलती हात जोडून म्हणाली, "हलदीचा कुंकू झाला! लक्षुमीचा हात हाय ह्यो." बायका त्या हाताच्या पाया पडू लागल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

साबणानेही हळद लाल होते; पण साबण म्हणावं, तर दोन्ही हात एकाच पाण्यात धुतलेले. कॉस्टिक म्हणावं, तर चार वर्षांत त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नव्हतो. नंतर घरी त्या हाताला कितीदा तरी हळद लावून पाहिली – पिवळी ती पिवळीच.

पाठवणीच्या वेळी सुनंदा हळूच म्हणाली, "मामा, गाल लय जलत होता रे." गालावर तर डागही नव्हता.

"मग बोलली का नाहीस?"

"कधी न्हाय तो हात खिशातून काढलेलास..."

हळद लाल कशी झाली, ते आजही मला सांगता येत नाही. सुनंदा पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला.