किन्हीराजाचा हार आणि गाडीचं कापडी छत

दसऱ्याच्या सकाळी अकोल्याहून कारंज्याला निघताना आमच्या सौभाग्यवती सुनंदानं अट घातली. "यंदा माह्या डोक्यावर एक थेंब जरी पडला, तं हे गाडी इकाची. गिऱ्हाईक पाहून ठेवलं मी."

गाडी वडिलांची, माझ्याहून वयानं मोठी. गेल्या पावसाळ्यात तिनं सुनंदाची पैठणी भिजवली होती, म्हणून मी अट मान्य केली. आतून मात्र निर्धास्त होतो. पाणी झिरपू नये म्हणून कापडी छत ब्रशनं झाडून, उन्हात तापवून शिवणीत मेण जिरवलं होतं. (जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांनो, ओलं छत कधी दुमडू नका, कापड कुजतं.)

पातूरचा घाट चढून मेडशीला थांबलो. चहा-आलूबोंडा, दोघांचं पन्नास-साठ रुपयांत भागतं. मालेगावपुढे रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं असतं, तिथं गाडी हळू घ्या.

किन्हीराजा गावात सुनंदाचे मामा-मामी राहतात. मामींनी गाडीला ओवाळलं, पुरणपोळीवर तुपाची धार धरली आणि मी खाटेवर आडवा झालो. उठून पाहतो तर छतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूचा हार, वाऱ्यानंही न हलणारा.

"असा घट्ट कसा बसला, मामी?"

"दाभणानं शिवला ना जावाईबापू, पोतं शिवतो तसा. सुनंदानं धरला, म्या टाके घातले."

मी आत डोकं घालून पाहिलं, टाक्यांच्या भोकांतून उजेड दिसत होता. पण सणाचा हार उसवा म्हणणार कोण? नमस्कार केला आणि निघालो.

शेलूबाजार सोडलं आणि पावसानं गाठलं. पहिला थेंब नेमका सुनंदाच्या भांगात पडला. दुसरा नाकावर. गाडी गेली, असं मी धरूनच चाललो आणि मला फार वाईट वाटलं. तिनं वर पाहिलं, टाक्यांची ओळ बोटानं चाचपली आणि कारंजा येईस्तोवर डोक्यावर पदर घेऊन बसली. तिथल्या जैन मंदिरात मात्र आमचा वेळ छान गेला. लाकडावरचं कोरीवकाम सावकाश पाहा.

परतल्यावर गिऱ्हाईक आलंच. सुनंदा मागच्या सीटवर बसून कोमट मेण एकेका भोकात दाबत होती.

"छत गळते काय, वैनी?" त्यानं विचारलं.

"गळते ना. मामीनं भोकं पाडले, हार म्या धरला. आता कोन्या तोंडानं इकू?"