अकराच्या आत वाय-फाय

अर्जात मी लिहिलं होतं की लिनक्सचं कामापुरतं ज्ञान आहे. ते अगदी खोटं नव्हतं. नांदेडला कॉलेजात दोन सेमिस्टर आम्ही लॅबमध्ये सर फळ्यावर लिहितील त्या कमांड तशाच्या तशा टाइप केल्या होत्या. पण स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स मी कधी टाकलं नव्हतं.

पदवी झाल्यावर वर्षभर मी वसमतला घरीच होते. बरेच अर्ज केले, उत्तर या एकाच ठिकाणाहून आलं. लोकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी फोनवरून सोडवायच्या, घरी बसून. समोर माणूस नसतो, म्हणूनच मी अर्ज केला होता. मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: गुरुवारी सकाळी अकराला व्हिडिओवर मुलाखत, उमेदवाराने स्वतःची लिनक्सची स्क्रीन दाखवायची, मोबाइलचा हॉटस्पॉट चालणार नाही, वेळ बदलून मिळणार नाही.

बुधवारी दुपारी मी जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज पुसून लिनक्स टाकलं. सगळं पुसलं. परत जायला काही ठेवलं नाही, कारण ठेवलं असतं तर मी गेले असते. इन्स्टॉल नीट झालं. गुरुवारी सकाळी आठला लॅपटॉप उघडला, तेव्हा वर उजव्या कोपऱ्यात वाय-फायची खूणच नाही. सेटिंगमध्ये एक ओळ होती: वाय-फाय अडॅप्टर सापडला नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. आदल्या दिवसापर्यंत तोच अडॅप्टर त्याच लॅपटॉपमध्ये चालत होता.

घरात ब्रॉडबँड नाही. समोरच्या खालांकडे आहे. त्यांचा मुलगा बाहेरगावी असतो, व्हिडिओ कॉलसाठी त्याने घेऊन दिलं. खालांचं घर गल्लीच्या पलीकडे, आमच्या दारापासून वीसेक पावलांवर. आई त्यांना आपा म्हणते. आदल्या संध्याकाळी तिनेच त्यांच्याकडून पासवर्ड आणला होता. मला जायला सांगितलं होतं, पण मी नेहमीप्रमाणे काहीतरी वाचत असल्याचं दाखवलं. मग आईच गेली आणि दारातूनच सांगत आली, "वसमत, अन् त्याच्या पुढं एक दोन तीन चार. समदं बारक्या अक्षरात. आपा म्हनल्या, जितका येळ लागंल तितका वापर म्हनावं."

मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. vasmat1234.

आता मात्र पासवर्ड टाकायला जागाच नव्हती. फोनवर शोधलं. माझ्यासारखे पुष्कळ जण निघाले. लॅपटॉपमधल्या वाय-फायच्या कार्डाला जो ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, लागतो, तो लिनक्ससोबत येत नव्हता. तो इंटरनेटवरून घ्यायचा. म्हणजे इंटरनेट लागण्यासाठी आधी इंटरनेट हवं. एकाने उपाय दिला होता: फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनचं नेट लॅपटॉपला द्या.

घरात होती ती केबल लावली. फोन चार्ज व्हायला लागला, बाकी काही नाही. मी केबल काढून लावली, दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावली, लॅपटॉप बंद करून चालू केला. नऊ वाजून गेले. मग कळलं की काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यातून दुसरं काही जात नाही. आईच्या अंगणवाडीच्या फोनसोबत आलेली केबल तिच्या पिशवीत होती.

"ही घेऊ?"

"घे की. पन साडेनऊला मला पायजे, तिथं फोनवर हजेरी टाकायची असते." आई वेणी घालत होती. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "काय झालं? लागंना का?"

"लागतंय."

"तोंडावरून तर वाटंना लागलं म्हणून."

त्या केबलने जमलं. फोनच्या नेटवरून ड्रायव्हर उतरायला लागला. पडद्यावर टक्के वाढत होते आणि आई पिशवी खांद्याला लावून माझ्यामागे उभी होती. अठ्ठ्याहत्तर. एक्क्याऐंशी. ती चपलेचं टोक जमिनीवर वाजवत राहिली. शंभर झाल्यावर मी केबल काढून तिच्या हातात दिली.

"नाहीच लागलं तर आपाकडं जाऊन बस सरळ. त्यांच्या घरात तर लागतंच ना?"

"आई, मुलाखत आहे. तिथे कशी देऊ?"

"मग विचारून तरी ये. काहून एवढी लाजतीस? खातेत का त्या तुला?"

ती गेली. मी लॅपटॉप पुन्हा चालू केला. कोपऱ्यात वाय-फायची खूण आली होती. मी जागच्या जागी दोन्ही मुठी आवळल्या. यादीत गल्लीतली चार-पाच नावं होती, त्यात खालांचंही. त्यावर दाबलं, पासवर्ड टाकला. खूण फिरत राहिली, फिरत राहिली आणि पुन्हा पासवर्डची चौकट आली.

टायपिंगची चूक असेल म्हणून सावकाश, एकेक अक्षर बघत टाकला. पुन्हा चौकट. पहिलं अक्षर कॅपिटल करून पाहिलं. व्हीच्या जागी डब्ल्यू टाकून पाहिला. पुन्हा तेच.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी परत फोनवर शोधायला लागले. इथे माझी फसगत झाली. कारण नेमकं हेच, पासवर्ड बरोबर असूनही चौकट परत परत येणं, या ड्रायव्हरच्या बाबतीत घडतं असं पन्नास जणांनी लिहिलं होतं. एकाने सांगितलं, कार्डाची वीज वाचवायची सोय बंद करा. मी केली. दुसऱ्याने एका फाइलमध्ये दोन ओळी घालायला सांगितल्या. घातल्या. तिसऱ्याने नेमक्या त्याच दोन ओळी काढायला सांगितल्या होत्या. मी त्याही काढल्या. प्रत्येक वेळी लॅपटॉप बंद, चालू, चौकट. मला घाम आला होता आणि इंग्रजी वाचताना शब्द डोळ्यांसमोरून नुसते सरकत होते. दहा सव्वीस. दहा एकोणचाळीस. एका माणसाने लिहिलं होतं, मी शेवटी कंटाळून विंडोजवर परत गेलो. मला तो पर्यायही नव्हता.

दहा सेहेचाळीसला मी उठले. खिडकीतून खालांचं दार दिसत होतं, उघडं. खाला ओट्यावर बसून सुपात तूर निवडत होत्या. मला तेव्हा काय वाटलं ते नीट आठवतं. मला वाटलं, गेले तर त्या आत बोलावतील, चहाचं विचारतील, आणि मला नाही म्हणता येणार नाही. अकरा वाजतील. शाळेत असल्यापासून मी त्यांच्याशी घरच्या भाषेत दोन वाक्यांच्या वर बोलले नव्हते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. त्या काही विचारायच्या आणि मी मान हलवायची.

दहा एकोणपन्नासला मी गल्ली ओलांडली.

"अगं बाई! वाट चुकली का काय?" खालांनी सूप बाजूला ठेवलं. "कालपासून बघून राहिले मी, येईल येईल म्हणून. आ अंदर, बेटी."

"खाला, तो पासवर्ड… लागत नाहीये."

"लागत न्हाई? काल तर तुझ्या अम्मीला बराबर सांगितला. बसमत, एक दोन तीन चार."

"बसमत?"

"मग? बसमतच म्हणतो आम्ही. तुझी अम्मी वसमत घेऊन गेली का?" त्या हसायला लागल्या. "तिचं गाव वेगळं, माझं गाव वेगळं! इथं लग्न होऊन आली तेव्हापासून भांडते ती माझ्याशी यावरून. मी म्हणते बसमत, ती म्हणते आपा, वसमत."

"खाला, इंग्रजीत कसं लिहिलंय? स्पेलिंग?"

"ते मला काय विचारती? वाचून घे ना." त्यांनी आत राउटरकडे बोट केलं. मुलाने त्याच्या मागच्या भिंतीवर पेनने लिहून ठेवलं होतं: basmath1234. शेवटी एच होता. मुलाच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर गावाचं नाव तसंच छापलेलं आहे, असं खाला म्हणाल्या.

"चाय टाकू?"

"नको, खाला. अकराला आहे." मी नाही म्हटलं आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. "जा जा, पळ," म्हणाल्या.

दहा छप्पन्नला वाय-फाय लागलं. पहिल्याच झटक्यात. मी ओढणी नीट केली, केस मागे घेतले, मुलाखतीच्या दुव्यावर दाबलं.

समोर एक बाई होत्या, चाळिशीच्या. इंग्रजीतून नाव, शिक्षण, सगळं विचारलं. मी पाठ केलेलं सांगितलं. मग स्क्रीन दाखवायला सांगितली आणि विचारलं, या मशीनवर तुम्ही सोडवलेली शेवटची अडचण कोणती? मी ड्रायव्हरचं सांगितलं. कार्ड, केबल, फोनचं नेट. बरं चाललं होतं. पासवर्डचं मी सांगणार नव्हते.

तेवढ्यात गल्लीपलीकडच्या दारातून खालांचा आवाज आला, गल्लीभर ऐकू जाईल असा. "लागलं का गं, बेटी? बसमत लागलं का?"

मी माइक बंद करायला गेले, पण स्क्रीन दाखवताना ते बटण कुठे जातं ते मला माहीत नव्हतं. बाई थांबल्या. मग मराठीत म्हणाल्या, "आधी त्यांना उत्तर द्या."

"लागलं, खाला!" मी ओरडले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"बसमत म्हणजे?" बाईंनी विचारलं.

मग मला सगळं सांगावं लागलं. वसमत, बसमत, शेवटचा एच, पन्नास जणांचे उपाय. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "तो पासवर्ड तुम्ही फोनवर टाकून पाहिला होता का?"

फोनवरही लागला नसता, तर चूक पासवर्डची आहे हे तेव्हाच कळलं असतं. फोन पूर्ण वेळ माझ्या हातात होता. लॅपटॉपवर शोधता येत नव्हतं म्हणून मी त्याच्यावरच शोधत होते.

"नाही," मी म्हणाले. "सुचलंच नाही. आईने सांगितलेला होता, म्हणून बरोबरच असणार असं धरून चालले."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, संपलं.

"बरं. आता मी गिऱ्हाईक. माझं नेट लागत नाहीये, आणि पासवर्ड मला दुसऱ्या कुणीतरी तोंडी सांगितलाय. विचारा मला."

इतका वेळ मला प्रश्न विचारले जात होते, ते सोपं होतं. मी पडद्यावरच्या त्यांच्या कपाळाकडे बघत म्हणाले, "तुम्हाला जसा सांगितला, तसाच मला सांगा."

"वसमत. एक दोन तीन चार."

"ज्यांनी सांगितला ते बसमत म्हणतात की वसमत? म्हणजे, बदकातला ब की वजनातला व?"

"ते मला काय माहीत? मी घाईत होते."

"मग तुम्ही फोन चालू ठेवा आणि त्यांना विचारून या. मी थांबते. आणि शेवटी एच आहे का, तेही विचारा."

बाई हसल्या नाहीत. घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी आले विचारून. बदकातला ब." मग पुढची अडचण सांगायला लागल्या, प्रिंटरची. त्यानंतर आणखी एक. मुलाखत पाऊण तास चालली.

सोमवारी मेल आला. तीन महिने शिकाऊ म्हणून घेतलं होतं. आईने तो मला दोनदा वाचून दाखवायला लावला आणि तिचा पहिला प्रश्न पगाराचा नव्हता. "म्हंजी दिवसभर लोकांशी बोलायचं?"

"व्हय," मी म्हणाले.