सासऱ्यांनी न दाखवलेला समुद्र

कोणत्याही तळ्यावर गेलं की आमचे सासरे आधी पाणी चाखायचे, तळं मग बघायचे. चपला काढून, लेंगा वर सारून काठावर उकिडवे बसायचे. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन गालातल्या गालात खुळखुळवायचे आणि गिळून टाकायचे. मग मागं वळून, जणू ते तळं आदल्या रात्री त्यांनीच भरून ठेवलंय अशा थाटात सांगायचे, "ग्वाड हाय. समुद्राला जमंल व्हय हे?"

समुद्राचं नाव निघालं की माझं डोकं तापायचं. कारण या गृहस्थाकडं माझा एक समुद्र अडकला होता. आजही अडकलेला आहे.

माझं सांगलीत स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. सुरुवात हातगाडीवर झाली. लोकांची जुनी पितळी भांडी घ्यायची आणि बदल्यात नवी स्टीलची द्यायची. त्या दिवसांत घरोघरच्या बायकांना स्टीलचं वेड लागलं होतं, मी फक्त ते जोपासलं. आईबापाविना मामाच्या घरी वाढल्यामुळं जगात आपणहून कुणी काही देत नाही, मागून आणि भांडून घ्यावं लागतं, हे मला लवकर कळलं. धंद्यातली एक युक्तीही लवकर कळली. डब्यांचा संच घ्यायला बाई आली की सगळे डबे एकदम द्यायचे नाहीत. सगळ्यात मोठा मागं ठेवायचा. "वैनी, मोठा पुढच्या मंगळवारी येतोय." बाई मंगळवारी येते, चौकशी करते आणि जाताना एखादा तांब्या घेऊन जाते. डबा जितका लांबेल तितके तांबे खपतात.

अशा माणसाचं लग्न ठरवायला साताऱ्याजवळच्या एका गावात बैठक बसली. गाव डोंगराच्या पायथ्याला, घरटी एक माणूस फौजेत. त्यात आमचे सासरे एकटेच आरमारात जाऊन आलेले. गाव त्यांना नेव्हीचे आबा म्हणायचं. उजव्या मनगटावर जहाजाचा नांगर गोंदवलेला. घाटावरच्या माणसाच्या हातावर तो नांगर बघून नवीन माणूस औताचा नांगर शोधायचा.

बैठकीत मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "मला हुंडा नको. मला काय कमी आहे?" मंडळींनी माना डोलावल्या. पण रिकाम्या हातानं सौदा उरकायचा म्हटल्यावर मला घाम फुटला. असं मी आयुष्यात केलं नव्हतं. "तरीपण काहीतरी द्याच," मी म्हणालो.

"सांगा की पावणं. काय देऊ?"

माझी नजर त्यांच्या मनगटावर गेली. हातगाडी ढकलायचो तेव्हा एका चहाच्या दुकानात समुद्राचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. वर्ष उलटलं तरी मालकानं ते काढलं नव्हतं. मी तिथं चहा प्यायचो तो त्या चित्रासाठी. म्हणालो, "समुद्र दाखवा. मी अजून बघितलेला नाही."

बैठक हसली. सासरे हसले नाहीत. त्यांनी नांगराचा हात पुढं केला. "ठरलं. तुमाला आन् शालनला मी सोता घिऊन जाणार. फोडा सुपारी."

पहिल्या उन्हाळ्यात मी शालनला घेऊन वसुलीला गेलो. सासूबाईंनी कोंबडी केली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी आम्हाला पहाटेच्या एस.टी.त बसवलं. गाडी यवतेश्वरचा घाट चढायला लागली तेव्हा मला शंका आली.

"मामा, समुद्र खाली असतो ना?"

"असतोय की."

"मग आपण वर का चाललोय?"

"आदी वरचं बघा, पावणं. खालचं काय, पळून जात न्हाई."

वर कासचं तळं होतं. चहूकडं झाडी आणि मधे ते निवांत पडलेलं पाणी. सासऱ्यांनी चाखून दाखवलं, समुद्राला नावं ठेवली. "म्हैनाम्हैना पाण्यावर असायचो, पर प्याला पाणी मापानं. सगळं अंग चिकाट. तिथं काय सुख?" मी व्यापारी आहे. जो माल दुकानात नसतो त्याला दुकानदार असंच नावं ठेवतो, हे मला पाठ आहे. काठावर बसून आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली आणि मी तिथंच गवतावर झोपलो. दुकान काढल्यापासून दिवसा कधी डोळा लागला नव्हता. उठलो तर सावल्या लांब झालेल्या. "समुद्राचं काय?" मी डोळे चोळत विचारलं.

"पुढच्या साली बगू," सासरे म्हणाले.

हे वाक्य मी मग दर वर्षी ऐकलं. एका वर्षी महाबळेश्वरला वेण्णा तलावावर त्यांनी आम्हाला नावेत बसवलं. नाववाल्याशी मी इतकी घासाघीस केली की तो बिचारा वैतागून वल्हं टाकून बसला आणि सासऱ्यांनी स्वतः नाव वल्हवली. त्या दिवशी त्यांना वल्हवताना बघितलं आणि या माणसानं खरोखर समुद्र बघितलाय याबद्दल शंका उरली नाही. राग मात्र वाढला. माल आहे आणि देत नाही! दुष्काळाच्या वर्षी तरी त्यांना लाज वाटेल असं मला वाटलं. तर त्यांनी आटत आलेल्या एका तळ्यावर नेलं, चिखल तुडवत पाण्यापर्यंत गेले, चाखलं आणि ओरडले, "अजून ग्वाड हाय!"

शालनला मी एकदा सुनावलं, "तुझ्या बापानं समुद्र दाखवल्याशिवाय तू माहेरी जायचं नाहीस."

"बरं," ती म्हणाली. "मग समुद्र मागायला तुमी एकटंच जावा."

मी एकटा गेलो असतो तर सासूबाईंनी दारातच विचारलं असतं, लेक कुठाय? म्हणून तिला न्यावंच लागलं. पुढं पोरं झाली, त्यांनाही न्यावं लागलं.

कुणी म्हणेल, सांगलीहून रत्नागिरीची एस.टी. सुटते, तिकीट काढायचं आणि जायचं. शेजारचा हळदीचा व्यापारी तेच म्हणाला. तो स्वतः जाऊन आला आणि माझ्या गल्ल्यावर एक शंख ठेवून गेला. मी तो परत केला. ज्यानं जे कबूल केलंय ते त्यानंच द्यायचं. उद्या मी स्वतः जाऊन समुद्र बघितला असता, तर सासऱ्यांनी हात झटकले असते.

एकदा मात्र त्यांनी सौदा मिटवायचा प्रयत्न केला, किंवा तसं दाखवलं. महाबळेश्वरच्या पश्चिमेकडच्या कड्यावर आम्हाला उभं केलं. खाली कोकण, डोंगरामागं डोंगर. थेट टोकाला बोट करून म्हणाले, "त्ये बगा. धुरकट पट्टी दिसतीया न्हवं? त्यो समुद्र."

"मला नाही दिसत."

"मला दिसला," शालन म्हणाली.

"तुला दिसणारच. तू त्यांच्याच पार्टीची."

"नीट बगा की, पावणं."

"मामा, हा लांबून नमुना झाला. माल कुठाय?"

मला वाटलं आता ते चिडतील. पण त्यांचा चेहरा खुलला. "न्हाई ना दिसला? मग ऱ्हायलं. पुढच्या साली बगू." आणि पोरांना करवंदं काढून द्यायला निघून गेले. इतका आनंदी बुडव्या मी बाजारात बघितला नव्हता.

मग ते आजारी पडले. छातीत पाणी झालं होतं, चार पावलांत दम लागायचा. मी सांगलीहून टॅक्सी करून गेलो. हसू नका, पण माझ्या मनात दोन्ही गोष्टी होत्या. त्यांना बघायचं होतं आणि वसुलीही करायची होती. "मामा, गाडीत बसा. गाडी दारात आहे, आता सबब चालणार नाही. रत्नागिरी."

ते निमूट बसले. गावाबाहेर आल्यावर म्हणाले, "आदी कासला जाऊ. मग तुमी म्हनाल तिकडं."

तळ्याकाठी त्यांना टेकवून बसवलं. त्यांना वाकता येईना. मीच ओंजळीत पाणी आणलं. त्यांनी खुळखुळवलं, गिळलं, पण नेहमीचं वाक्य बोलले नाहीत.

"थोरल्या पावण्यानला म्या फटफटी दिली, घड्याळ दिलं, आंगठी दिली," ते म्हणाले. थोरले म्हणजे शालनच्या मोठ्या बहिणीचे यजमान. "बोलल्यालं समदं लग्नातच दिलं. मागं काय ठिवलं न्हाई. त्ये किती बारी आलं हितं? थोरलीला किती बारी धाडली?"

मी ओले हात रुमालाला पुसले.

"तुमी लय तापट. बैठकीतच वळाकलं म्या. ह्यो गडी एकदा रुसला तर माजी पोरगी परत दिसायची न्हाई. पर ज्याचं काय ऱ्हायलंय, त्यो येतोयच."

मला माझा मागं ठेवलेला मोठा डबा आठवला. मंगळवारच्या सगळ्या वैनी आठवल्या. अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला गिऱ्हाईक केलंत?"

"व्हय," ते म्हणाले. दम घेतला आणि हसले. "पर रिकाम्या हातानं कवा धाडलं न्हाई."

रत्नागिरीचं नाव मग कुणीच काढलं नाही. आम्ही अंधार पडायच्या आत घरी आलो.

तेराव्याला थोरले फटफटीवरून आले. जेवले, हात धुतले आणि निघाले. मी ओसरीवर पान लावत बसलो होतो. जाता जाता ते म्हणाले, "तुमी कवा निघणार? आता आबाच गेलं. तुमचं हितं काय ऱ्हायलंय?"

"समुद्र राहिलाय माझा," मी म्हणालो. जरा चढ्या आवाजातच म्हणालो. घरात सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

आत भांडी वाजत होती, ती थांबली. सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. डोळे कोरडे, पदर नीट. शालनकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

"पुढच्या साली बगू, पावणं," त्या म्हणाल्या.