मावशींचा अंगठा

माझे यजमान गेले त्याला आता दीड वर्ष होईल. शेवटचे आठ महिने ते अंथरुणावर होते आणि त्या आठ महिन्यांत त्यांचं सगळं मावशींनी केलं. मावशी म्हणजे आमच्या वलवणच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाई. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण घरात सगळेच मावशी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. यजमानांना दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, पाठ पुसून पावडर लावणं, पेज भरवणं, माणूस न उचलता खालची चादर बदलणं, हे सगळं त्या कुणी न शिकवता करायच्या. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते. मी उशाशी बसून त्यांना वाचून दाखवायचे.

ते गेल्यावर मावशींच्या मनानं घेतलं की हेच काम आता नोकरी म्हणून करावं. भांडी घासून घासून त्यांचे गुडघे धरू लागले होते. सोमाटण्याकडच्या एका रुग्णालयात सेविका हव्यात असं कळलं, तेव्हा त्या विचारून आल्या.

“सर्टिफिकेट मागत्यात, वैनी. म्हनलं, आठ म्हैने केलंय की. तर म्हनं, कंच्या हास्पिटलात? म्हनलं, वलवणला, घरात. हसली ती बाई.”

सर्टिफिकेटची सोय कामशेतला होती. तिथे एक संस्था तांदळाच्या दुकानावरच्या मजल्यावर गरीब महिलांना रुग्णसेवेचं मोफत प्रशिक्षण देत होती. तीन महिने रोज हजर राहायचं, शेवटी परीक्षा, मग सर्टिफिकेट. फॉर्म इंग्रजीत होता म्हणून मी सोबत गेले. तो इंग्रजीत का, असं मी केंद्रप्रमुख सरांना विचारलं. “महिलांच्या मनातली इंग्रजीची भीती जावी म्हणून,” ते म्हणाले. त्या दिवशी वीसपैकी अठरा फॉर्म मीच भरले. भीती किती गेली ते माहीत नाही, माझा हात मात्र दुखला.

मला लिहितावाचता येतं हे अशा रीतीनं उघडकीला आल्यावर सरांनी हजेरीची वही माझ्याकडे दिली. “तुमचंही मन रमेल, मॅडम.” विधवेचं मन कशात रमवावं याची चिंता त्या काळात इतके लोक वाहत होते की कुणाला नाही म्हणणं जिवावर यायचं. मी रोज जाऊ लागले.

वहीला तशी किंमत नव्हती. खरी हजेरी भिंतीवरच्या अंगठ्याच्या यंत्रात लागायची. पहिल्या दिवशी सगळ्यांचे अंगठे नोंदवायचे होते. एका दुकानदाराच्या सुनेचा लागला, लग्नाच्या बायोडाटात एक ओळ वाढावी म्हणून आलेल्या दोन मुलींचे लागले. मावशींनी अंगठा टेकवला, तर यंत्र म्हणालं, “प्लीज ट्राय अगेन.” डावा लावला, तरी तेच.

“साबण लावून धुऊन या,” सर म्हणाले.

“सर, साबनानंच ही गत झालीया.”

भात लावणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या आणखी चौघींचंही तेच झालं. योजना कष्टकरी महिलांसाठी होती, आणि यंत्रानं त्या घोळक्यातून नेमक्या कष्टकरी महिला वेचून बाहेर ठेवल्या. इतकी अचूक निवड एखाद्या समितीला जमली नसती.

सरांनी उपाय सांगितला. पंधरा दिवस हात पाण्यात घालायचा नाही, रेषा परत उगवतात.

“मग भांडी कोन घासनार?”

“काम बंद ठेवा ना, मावशी. काम मिळावं म्हणूनच तर चाललंय हे सगळं.”

मावशींनी ऐकलं. आमची भांडी मी घासू लागले. बाकीच्या दोन घरांनी तिसऱ्याच दिवशी दुसरी बाई बघितली. लावणीचे दिवस होते, पण मावशी चिखलात उतरल्या नाहीत. बांधावर बसून अंगठ्याला व्हॅसलीन चोळत राहिल्या. त्यांची जाऊ वाकल्या वाकल्या म्हणाली म्हणे, “अंगठा हाय का नवरी? हळद बी लावा की आता!”

पंधरा दिवसांनी यंत्र म्हणालं, “प्लीज ट्राय अगेन.”

वर्ग मात्र चालू होता. खाटेवर एक रबरी बाहुला होता आणि शिकवणाऱ्या मॅडम पडद्यावरचं वाचत रुग्णाला कसं वळवायचं ते दाखवत होत्या. त्यांनी बाहुल्याचा दंड धरून ओढला.

“असं वडायचं न्हाई, मॅडम,” मावशींना राहवलं नाही. “खांदा निखळंल त्येचा. एक हात खांद्याखाली घालायचा, एक कमरंखाली.”

“तुम्ही करून दाखवा,” मॅडम जरा चिडून म्हणाल्या. “पण आधी रुग्णाची परवानगी घ्यायची. त्याला वेगळे गुण आहेत.”

मावशी पुढे झाल्या, पदर खोचला, बाहुल्यावर वाकल्या. “सायेब, वळवू का वाईच?”

वर्ग खदखदून हसला. आमच्या घरी त्या दिवसातून सात-आठ वेळा हेच, याच आवाजात विचारायच्या. मी हजेरीची वही मिटली आणि काही वेळ खिडकीतून खालची तांदळाची पोती बघत बसले.

महिना झाला. वहीप्रमाणे मावशी रोज हजर होत्या, यंत्राप्रमाणे त्या कधी आल्याच नव्हत्या. असंच राहिलं तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि घरं तर दोन सुटलीच होती. तेव्हा सरांची नजर माझ्या हाताकडे गेली.

“मॅडम, तुम्ही लावून बघा बरं.”

मी लावला. यंत्र म्हणालं, “थँक यू.”

“वा! काय अंगठा आहे!” सर म्हणाले. असणारच. गेल्या काही दिवसांची भांडी सोडली, तर जन्मभर त्यानं पानं उलटण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मग आवाज उतरवून त्यांनी योजना सांगितली. नाव मावशींचं, अंगठा माझा. बॅच आजपासून सुरू झाली असं दाखवू. बाकी चौघींच्या सुना, मुली आपापल्या अंगठ्यासह येणारच होत्या.

नोकरीत मी कधी खोटी नोंद केली नव्हती. मी हात मागे घेतलेला बघून मावशी म्हणाल्या, “लावा वैनी. आठ म्हैने उशाशी बसून बगितलंत, आता लागू द्या हाताला काम.”

यजमान गेल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले. सरांना वाटलं, मला योजना पटली.

अशा रीतीनं पुढचे तीन महिने एकही खाडा न करता मी रुग्णसेवेचं प्रशिक्षण घेतलं. जिवंत माणसाला एकदाही कुशीवर न वळवलेला माझा अंगठा पूर्ण हजेरीसह पात्र ठरला. परीक्षा मात्र मावशींनीच दिली, आणि बाहुल्याची परवानगी न विसरता घेतली. सर्टिफिकेट आलं.

रुग्णालयात रुजू होण्याच्या दिवशी मी धास्तावले होते. तिथेही यंत्र असणार. मावशी संध्याकाळी थेट माझ्याकडे आल्या.

“तितं त्वांड दावायचं असतंय मशीनम्होरं. त्वांड न्हाई झिजलं अजून!”

मग त्यांनी सांगितलं की मोठ्या सिस्टरनी एका जड म्हाताऱ्याला वळवायला लावलं, आणि बघून विचारलं, इतकं चांगलं कुठे शिकलात?

“मग?” मी विचारलं.

“म्हनलं, केंद्रात.” त्यांनी पदरानं घाम पुसला. “सायबांचं सांगितलं असतं वैनी, पर घरातलं त्ये धरत न्हाईत वो.”

मी म्हटलं, बरोबर केलंत. आणि चहा टाकायला आत गेले.

महिन्याभरानं केंद्राच्या जिन्यापाशी एक मोठा फलक लागला. सरांनी कौतुकानं फोन करून दोघींना बघायला बोलावलं. फलकावर पांढऱ्या कोटातल्या मावशी होत्या आणि वर लिहिलं होतं, ‘काल भांडी, आज रुग्णसेवा’.

“खाली बारीक काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं. कोणतंही पूर्वज्ञान नसलेल्या या भगिनीला संस्थेनं शून्यातून घडवलं, वगैरे.

“सायबांचं कायच न्हाई?”

“नाही.”

“बरं झालं,” मावशी म्हणाल्या. “त्येंला फोटूबिटूत यायचं लय वंगाळ वाटायचं.”

तेवढ्यात सोमाटण्याकडे जाणारी एसटी आली. दुपारची पाळी होती. त्या पिशवी सावरत पळाल्या, आणि गाडी हलली तशी खिडकीतून ओरडल्या, “घरी जाऊन जेवा, वैनी! नुसत्या वाचत बसू नगा!”