सांभाळून घ्या

व्यावसायिक नीतिमत्ता हा पेपर बारामतीच्या आमच्या कॉलेजात कुणालाच नको असतो, म्हणून तो दरवर्षी माझ्या गळ्यात पडतो. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची पोरं ‘सचोटी’, ‘निःपक्षपातीपणा’ असे शब्द वहीत उतरवून घेतात आणि पेपरात जसेच्या तसे ओकतात. मला त्याचा वीट आला होता. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, आता सांगायचं नाही, करून घ्यायचं. वर्गात नाटकच बसवायचं.

प्रसंग मी लिहिला होता. पशुखाद्याच्या एका संस्थेत लेखापरीक्षक आलाय. गोदामातला माल त्याने डोळ्यांनी बघायचा आणि मगच सही करायची. अध्यक्ष म्हणतात, गोदाम उघडायचं राहू द्या, कागदावर सगळं आहे. एवढंच. लेखापरीक्षक झाली कऱ्हाटीची एक मुलगी, वर्गात फारसं न बोलणारी. अध्यक्ष झाला सुप्याचा एक पोरगा, कधीच गप्प न बसणारा.

त्याने माझे संवाद पहिल्या मिनिटातच गुंडाळून ठेवले. “या ताई, उन्हातान्हाचं आलाय. आधी बसा. चहा सांगितलाय.” मग घरची चौकशी झाली, मग तिच्या गावात त्याची आत्या निघाली. गोदामाची किल्ली मात्र भावाच्या खिशात आणि भाऊ दौंडला. शेवटी हात जोडून म्हणाला, “तुमी काय परक्या हाय का? ह्या बारीला सांभाळून घ्या.”

ती म्हणाली, “चहा नको. भाऊ येईस्तोवर बसते.”

वर्गात हशा पिकला. तो आणखी तीनदा ‘सांभाळून घ्या’ म्हणाला, तीही तीनदा तेच म्हणाली. तास संपत आला, तरी सही काही झाली नाही. मी आतून नुसती फुलून गेले होते.

मग मी वर्गाला विचारलं, कोण चुकलं? जवळजवळ सगळे म्हणाले, ती! “मॅडम, चहाला न्हाय म्हणत्यात व्हय? त्यांना काय वाटलं आसंल?” गोदामात माल आहे की नाही, याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘सांभाळून घ्या’ लिहिलं आणि त्यावर फुली मारली. आपल्याकडे कुणी कुणाला ‘खोटं लिही’ असं म्हणतच नाही, हे असं गोड बोलून लिहायला लावतात, असं घसा बसेपर्यंत ओरडले. तेवढ्यात प्राचार्य दारात आले. उपक्रमाचा फोटो हवा होता, फाइलला लावायला. त्या फोटोत सगळे हसतायत. मीसुद्धा.

निकालानंतर ती मुलगी मला भेटायला स्टाफरूममध्ये आली. तिला पुढं शिकायचं होतं, पण घरून एकच अट होती: नोकरी लागली तरच शीक. इंदापूरला तिची मावशी राहते, म्हणून तिथल्या एका कर सल्लागाराकडे ती मुलाखत देऊन आली होती. हा कर सल्लागार माझाच जुना विद्यार्थी. त्याने तिला विचारलं होतं, “सांगितलेलं ऐकशील ना?” ही म्हणाली होती, “काय सांगताय त्याच्यावर हाय.” त्यानंतर त्याच्याकडून निरोप नाही.

मला हसूही आलं आणि त्याचा रागही. शिपायाला तिच्यासाठी चहा सांगितला आणि तिच्यासमोरच त्या कर सल्लागाराला फोन लावला. पोरगी हुशार आहे, कामाला चोख आहे, सगळं सांगून झालं. तो पलीकडून नुसतं “व्हय मॅडम, व्हय मॅडम” करत होता, पण घेतो असं काही म्हणेना. मग माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, नवीन आहे, बोलायला जरा फटकळ आहे. माझ्यासाठी एवढं सांभाळून घे.”

“तुमचा शब्द मोडतोय व्हय मी? सोमवारपासनं पाठवा.”

मोठ्या तोऱ्यात मी फोन खाली ठेवला. बघते तर तिचा चेहरा उतरलेला.

“मॅडम, उद्या ते म्हणले, न बघताच ‘बघितलं’ म्हणून लिही, तर मी न्हाय कसं म्हणू? मला तर तुमच्या शब्दावर घेतलंय.”

“तरी म्हणायचं,” मी म्हटलं. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

“मग तुमीच त्यांना परत फोन करा. म्हणावं, सांभाळून घिऊ नका. कामाला बरी वाटली तर ठेवा, न्हायतर नको.”

काही चुकीचं मागत नव्हती ती. मी फोन उचललासुद्धा. पण इतक्या वर्षांनी त्याने माझा मान ठेवला आणि मी लगेच त्याला असं ऐकवायचं? त्याला काय वाटेल? “उद्या करते,” मी म्हटलं.

चहा आला. तिने तो पिऊन टाकला.

सोमवारी ती इंदापूरच्या एसटीत बसली. तो फोन मी अजून केलेला नाही.